दात किडले की आईच दोषी?

आपल्या मराठी भाषेने लाळेवर फार मोठा अन्याय केला आहे. वरिष्ठांपुढे गोंडा घोळणाऱ्याला आपण ‘लाळघोट्या’ म्हणतो. दुसऱ्याच्या ताटाकडे पाहणाऱ्याची ‘लाळ गळते’. कुणाची मर्जी राखायची झाली तर त्याची ‘थुंकी झेलावी’ लागते. तान्ह्या बाळाच्या गळ्यात आपण लाळेरे बांधतो, तेही अंगावरचे झबले भिजू नये एवढ्याचसाठी. उलट दातांचे भाग्य पाहा! पहिला दात दिसला की घरभर आनंद, आणि कवींच्या लेखी तर दात म्हणजे कुंदकळ्या. वास्तविक या कुंदकळ्यांची रात्रंदिवस राखण करते ती हीच उपेक्षित लाळ.

कला शाखेच्या वार्षिकांकात लाळ आणि दात हा कुठला विषय, असे काही प्राध्यापक आणि विद्यार्थी मित्र म्हणतील. त्यांना माझे नम्र उत्तर असे, की या विषयात वैद्यकशास्त्र जेवढे आहे तेवढाच समाजही आहे. एखाद्या मुलाचे दात किडले तर दोष कुणाच्या माथी मारायचा, हे आपल्याकडे डॉक्टरांनी तपासण्यापूर्वीच ठरलेले असते. तो दोष आईचा असतो. ‘गोड खाऊ घालून लाडावले’, ‘रात्री तोंडात बाटली देऊन झोपवले’, ‘कधी धड दात घासले नाहीत’. मुलाची लाळ फार गळत असेल तर त्याचेही मूळ आईच्या गरोदरपणात शोधले जाते. डोहाळे पुरवले गेले नाहीत म्हणून मूल असे झाले, हे सांगणारी एखादी म्हातारी गावोगाव भेटते. पुष्कळ मुलांच्या बाबतीत साखर आणि अस्वच्छता हीच किडीची कारणे असतात, याविषयी वाद नाही. परंतु आपल्याच जिल्ह्यांत अशीही काही मुले आहेत, की ज्यांचे दात आईच्या हयगयीने किडत नाहीत. त्यांच्या शरीरातच जन्मतः एक उणीव असते. चयापचयाच्या दुर्मिळ आजारांची ही मुले. त्यांच्या आईला दोषी धरणे हा अन्याय तर आहेच, शिवाय त्यापायी उपचाराचा मोलाचा काळ हातचा जातो.

चयापचयाचा आजार म्हणजे काय, हे समजायला आपल्याला लातूर सोडून कुठे जायला नको. लातूरच्या डाळमिलमध्ये एका टोकाने तूर आत जाते आणि दुसऱ्या टोकाने डाळ बाहेर पडते. मधले एखादे यंत्र बंद पडले तर त्याच्या अलीकडे तुरीच्या थप्प्या लागतात आणि पलीकडे डाळीचा दाणा येत नाही. शरीरातही असेच चालते. खाल्लेल्या अन्नाचे एकातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे द्रव्य तयार होते आणि प्रत्येक टप्प्यावर एक विकर, म्हणजे एन्झाइम, राबत असते. ते एक विकर जन्मतः नसले की अलीकडचे द्रव्य साठून विषासारखे बाधते आणि पलीकडचे द्रव्य शरीराला मिळत नाही. इंग्लंडमधील वैद्य आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०८ साली आपल्या व्याख्यानांतून ही कल्पना प्रथम नीट मांडली. तेव्हापासून आजवर असे शेकडो आजार ओळखले गेले आहेत. त्यांतला प्रत्येक आजार दुर्मिळ आहे, परंतु सगळे मिळून त्यांची संख्या दुर्लक्ष करण्याजोगी राहत नाही.

यांतील बहुतेक आजारांत आई आणि वडील दोघेही वरवर ठणठणीत असतात. दोघांकडेही तोच सदोष जनुक लपलेला असतो. अशा जोडप्याला दर खेपेला चारात एक या प्रमाणात आजारी मूल होण्याचा संभव असतो. जवळच्या नात्यात लग्न झाले की असा सारखाच जनुक दोन्हींकडे असण्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न हे आपल्याकडे नवल नव्हे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील नातेसंबंधांवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्रातील या प्रथेची चर्चा केली आहे, आणि आपल्या समाजशास्त्राच्या वर्गात ती आपण परीक्षेपुरती वाचतोही. पण त्या प्रथेचा संबंध कुणा लेकराच्या दुखऱ्या दाढेशी असू शकेल, हे आपल्या मनात येत नाही. अर्थात नात्याबाहेर लग्न केलेल्यांनाही हे आजार चुकत नाहीत. आणि जनुक दोघांकडून आलेला असताना बोल मात्र एकटीलाच लागतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आता लाळेचे काम पाहू. मोठ्या माणसाच्या तोंडात दिवसाला सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यात ९९ टक्के पाणीच असते. पण उरलेल्या एका टक्क्यात सगळी करामत आहे. त्यात आम्लाला मारणारे क्षार आहेत, दाताची झीज भरून काढणारे कॅल्शियम आणि फॉस्फेट आहेत, जंतूंशी लढणारी द्रव्ये आहेत. आपण काही गोड खाल्ले की दातावरच्या थरातील जंतू त्याचे आम्ल करतात. आम्लता मोजण्याच्या मापावर आकडा साडेपाचाच्या खाली गेला की दाताचे वरचे कवच, म्हणजे इनॅमल, विरघळू लागते. लाळ ते आम्ल धुऊन काढते, मारते, आणि अर्ध्यापाऊण तासात तोंड पूर्वपदावर आणते. इनॅमल ही एकदा तयार झाली की शरीराला पुन्हा बनवता न येणारी वस्तू आहे. त्यामुळे लाळेने केलेली ही डागडुजी हाच दातांचा मोठा आधार. रात्री झोपेत लाळ जवळजवळ थांबते. म्हणून रात्रीचे खाणे दातांना दिवसाच्या खाण्याहून अधिक बाधते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायलेल्या लातूरकरांना, पाणी आटले म्हणजे काय होते, हे वेगळे सांगायला नको. तोंडातले पाणी आटले की दातांचेही तेच होते.

दुर्मिळ आजाराच्या मुलात ही राखण अनेक बाजूंनी मोडते. काहींच्या दातांची घडणच कच्ची असते. म्युकोपॉलिसॅकॅरिडोसिस या लांबलचक नावाच्या आजारगटात जीभ मोठी, हिरड्या जाड आणि दात विरळ असतात, उगवायलाही उशीर लागतो; त्यातल्या एका प्रकारात इनॅमल पातळ असते. नाक चोंदलेले राहिल्याने ही मुले तोंडाने श्वास घेतात आणि तोंड कोरडे पडते. काही आजारांत अन्नच औषध असते. यकृतात ग्लायकोजेन साठण्याच्या पहिल्या प्रकारच्या आजारात मूल काही तास उपाशी राहिले तरी रक्तातील साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरते. अशा मुलाला पाण्यात कालवलेले कच्चे कॉर्नफ्लोअर दर काही तासांनी, अगदी मध्यरात्री उठवूनही द्यावे लागते. हा उपाय १९८४ मध्ये पुढे आला आणि त्याने अनेक मुले जगली. फिनाइलकीटोन्युरियाच्या मुलाला नेहमीचे प्रथिनयुक्त अन्न चालत नाही. त्याला दिवसातून अनेकदा आंबट-गोड चवीची खास पावडर पाण्यातून प्यावी लागते. सारांश, या मुलांचे तोंड कधी रिकामे राहतच नाही आणि लाळेला आपले काम पुरे करण्यास उसंत मिळत नाही. ‘सारखे खाऊ घालते’ म्हणून ज्या आईला नावे ठेवली जातात, ती खरे तर मुलाचा जीव राखत असते.

त्यात औषधांची भर पडते. झटके येणाऱ्या मुलांना वर्षानुवर्षे औषध द्यावे लागते आणि लहान मुलांची औषधे पुष्कळदा साखरेच्या पाकात केलेली असतात. झटक्यांवरील फेनिटॉइन या जुन्या औषधाने हिरड्या वाढतात व दात झाकले जातात. लाळ गळण्याबाबत तर आपला मोठाच गैरसमज आहे. ज्याची लाळ सारखी गळते त्याच्या तोंडात लाळ जास्त तयार होते, असे आपण धरून चालतो. अनेकदा लाळ नेहमीएवढीच असते. गिळण्याचे स्नायू नीट चालत नसल्याने ती बाहेर येते. ती थांबवण्यासाठी दिलेले औषध तोंड कोरडे करते. हनुवटी कोरडी राहते, चारचौघांत संकोच वाटत नाही, पण दात उघडे पडतात. अशा औषधाची कधी गरज असतेही. पण ते सुरू करताना दातांचा विचार कुणी केला का, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दात नुसते आजाराला बळी पडत नाहीत. ते आजार सांगतातही. पाच वर्षांच्या आतच मुलाचा दुधाचा दात मुळासकट, न किडता, सहज हातात आला तर हायपोफॉस्फेटेशिया या आजाराची शंका घ्यावी लागते. दात वरून अखंड दिसतो आणि तरी हिरडीला पू होतो, पाय वाकलेले असतात, तेव्हा तो लघवीवाटे फॉस्फेट वाहून जाणारा मुडदूस असू शकतो. नेहमीच्या ड जीवनसत्त्वाने तो बरा होत नाही. फळातली साखर न सोसणारी काही मुले गोड पाहिले की तोंड फिरवतात. त्यांचे दात विलक्षण निरोगी असतात, आणि ते निरोगीपणही आजाराचीच खूण असते. १९६४ साली वर्णन झालेल्या लेश-नायहन या आजारातील मुलगे स्वतःचेच ओठ आणि बोटे चावतात. त्याला हट्टीपणा म्हणून मार देणे किंवा भूतबाधा म्हणून अंगारा लावणे यासारखे क्रौर्य नाही. म्हणजे तालुक्याच्या गावातील दंतवैद्य जागरूक असेल तर मोठ्या रुग्णालयाच्या कितीतरी आधी आजाराची चाहूल त्याला लागू शकते.

‘अहो, जिथे जिवाचाच भरवसा नाही तिथे दातांचे काय घेऊन बसलात?’ हा आक्षेप मला ठाऊक आहे. तो कळवळ्यातून येतो, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. ज्याची दाढ ठणकते ते मूल खात नाही. सामान्य मुलाने एक वेळ खाल्ले नाही तर आई रागावते आणि प्रश्न मिटतो. पण ज्या मुलाला ठरलेल्या वेळी अन्न मिळाले नाही तर रक्तातील साखर कोसळते, किंवा उपासाने शरीरातील मांस वितळून विषारी द्रव्ये रक्तात चढतात, त्याच्या बाबतीत ठणकणारी दाढ म्हणजे प्राणसंकट होय. दाताच्या गळवाने ताप आला तरी तोच धोका. ज्यांच्या हृदयाच्या झडपांवर आजाराचा परिणाम झालेला असतो, त्यांच्या हिरड्यांतील जंतू रक्तातून हृदयापर्यंत पोहोचू शकतात. आणि दात काढायची वेळ आली की आणखी पंचाईत. ‘सकाळी उपाशीपोटी घेऊन या’ ही भूल देण्यापूर्वीची नेहमीची सूचना ग्लायकोजेनच्या आजाराच्या मुलाला घातक ठरू शकते. त्याचे रक्तही लवकर थांबत नाही. म्युकोपॉलिसॅकॅरिडोसिसमध्ये मानेचे मणके सैल आणि श्वासमार्ग अरुंद असल्यामुळे भूल देणे हेच जोखमीचे काम होऊन बसते. यावरून एकच निष्कर्ष निघतो: या मुलांचे दात काढण्याची वेळच येऊ देऊ नये. जिवाची काळजी आणि दातांची काळजी यांत निवड करावी लागते, हा समजच मुळात चुकीचा आहे.

आता आपल्या भागाकडे वळू. केंद्र सरकारने २०२१ च्या मार्चमध्ये दुर्मिळ आजारांचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. सुरुवातीला देशात ८ उत्कृष्टता केंद्रे नेमली गेली. त्यांत महाराष्ट्रातील केंद्र मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय. २०२२ मध्ये या केंद्रांवर उपचार घेणाऱ्या रुग्णासाठी मदतीची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण नांदेडहून मुंबई रेल्वेने सुमारे ६०० किलोमीटर. त्या मानाने हैदराबादचे केंद्र अर्ध्याहून कमी अंतरावर, पण ते दुसऱ्या राज्यात. मुखेड किंवा निलंगा तालुक्यातील एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणा. दोन एकर कोरडवाहू, सोयाबीनवर सगळी भिस्त, आणि कडेवर असे लेकरू. विकराचे महागडे औषध, जनुकांची तपासणी, हे सारे त्यांना दूरच्या शहरातच मिळणार. त्याला तूर्त इलाज नाही. परंतु दातांची राखण करायला मुंबई कशाला हवी? नांदेडला विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लातूरला विलासराव देशमुख यांच्या नावाची शासकीय वैद्यकीय संस्था आहे. नांदेडला रुरल डेंटल कॉलेज आणि लातूरला एमआयडीएसआर डेंटल कॉलेज ही दंतमहाविद्यालये आहेत. खुर्च्या आहेत, शिकणारे हात आहेत, शिकवणारे अध्यापक आहेत.

शिवाय एक चौकटही तयार आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथून, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी व्हावी, व्यंग किंवा आजार आढळल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी ही योजना. तपासायच्या गोष्टींत दातही आहेत, आणि जिल्हा केंद्राच्या मंजूर कर्मचाऱ्यांच्या आराखड्यात दंतवैद्यही आहे. मग उणे काय? उणे एवढेच, की बालरोगतज्ज्ञ तोंडात पाहतो तो घसा पाहण्यासाठी, आणि दंतवैद्य दात पाहतो तो मुलाचा आजार न विचारता. दोघांनी एकमेकांना दोन ओळींची चिठ्ठी लिहिण्याची पद्धत पडली तरी निम्मे काम होईल.

माझी मागणी फार मोठी नाही. नांदेड आणि लातूर येथे दंतमहाविद्यालयाने शासकीय रुग्णालयाच्या सहकार्याने महिन्यातला एक ठरावीक दिवस अशा मुलांसाठी राखून ठेवावा. त्या दिवशी या मुलांना रांगेत ताटकळत ठेवू नये आणि त्यांची जेवणाची वेळ चुकवू नये. लाळ किती आहे हे मोजायला महागडे यंत्र लागत नाही. ज्या मुलाला जमते त्याने पाच मिनिटे खुणा केलेल्या नळीत लाळ सोडली की अंदाज येतो. त्यात सुई नाही, रक्त नाही, रडारड नाही. ठरावीक महिन्यांनी दातांना फ्लोराइडचा लेप द्यावा. तो दुखत नाही आणि काही मिनिटांत होतो. लागलेली कीड सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडने यंत्राविना थोपवता येते. डाग काळा पडतो, पण मुलाची भूल वाचते. मात्र फ्लोराइडच्या बाबतीत आपल्या भागात डोळे उघडे ठेवले पाहिजेत. किनवटकडील काही गावांच्या भूजलात ते मुळातच जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड नसावे, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. ती ओलांडली की दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. तेव्हा पोटात घ्यायचे फ्लोराइड सरसकट देऊ नये. गावच्या पाण्याचा अहवाल पाहून दंतवैद्यानेच ठरवावे. घरी करायच्या गोष्टी तर अगदी साध्या आहेत. दर खाण्यानंतर पाण्याचे दोन घोट. ज्याला गिळता येत नाही त्याचे दात आणि हिरड्या बोटाला ओले फडके गुंडाळून पुसणे. बिनसाखरेचे औषध मिळते का, हे डॉक्टरांना न संकोचता विचारणे. पण हे आईला कुणीतरी शांतपणे, न रागावता, तिच्या भाषेत सांगितले पाहिजे.

आणि तिचे ऐकूनही घेतले पाहिजे. नॉर्वेतील एका आईला आपल्या दोन मतिमंद मुलांच्या अंगाला विचित्र वास येतो असे वाटे. अनेक डॉक्टरांकडे तिने हेलपाटे घातले, कुणी मनावर घेतले नाही. अखेर १९३४ मध्ये आसबियोर्न फॉलिंग या डॉक्टरांनी तिचे म्हणणे गंभीरपणे घेतले, मुलांची लघवी तपासली, आणि फिनाइलकीटोन्युरिया हा आजार जगाला कळला. आज अनेक देशांत जन्मतःच टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन हा आजार ओळखतात आणि मुलांची बुद्धी वाचवतात. आपल्या शेजारच्या गोव्याने २००८ मध्ये नवजात बालकांची अशी तपासणी सुरू केली होती. इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना पर्ल बक ठाऊक आहेतच. १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या या लेखिकेच्या मुलीलाही हाच आजार होता; त्याचे नाव आईला कळायला कित्येक दशके जावी लागली. एवढ्या नामवंत लेखिकेची ही कथा, तर आपल्या वाडी-तांड्यावरच्या आईची काय कथा!

मित्रांनो, आपण कला शाखेचे विद्यार्थी. आपल्याला दात भरता येत नाहीत, विकर तयार करता येत नाही. पण आपल्याला मराठी येते, आणि या कामात तिची निकड आहे. १९६९ पासून चालत आलेली राष्ट्रीय सेवा योजना आपल्या महाविद्यालयात आहे. शिबिरात आपण रस्ता करतो, झाडे लावतो. ते चांगलेच आहे. यंदाच्या शिबिरात बालरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांच्याकडून तपासून घेतलेले एक कार्ड सोप्या मराठीत आणि बंजारा बोलीत तयार करू या. कार्डाच्या एका बाजूला मुलाच्या आजाराचे नाव, चालू औषधे आणि खाण्याच्या वेळा. दुसऱ्या बाजूला ठळक अक्षरांत: ‘या मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय उपाशी ठेवू नये. दात काढण्यापूर्वी त्याच्या बालरोगतज्ज्ञांना विचारावे.’ असे कार्ड आईच्या पिशवीत असले म्हणजे अनोळखी दवाखान्यात तिला स्वतःची बाजू मांडत बसावे लागणार नाही; कार्डच बोलेल.

‘आपलेच दात आणि आपलेच ओठ’ अशी एक म्हण आपण घरातल्या भांडणावर पडदा टाकताना वापरतो. ही मुलेही आपलीच, त्यांच्या आयाही आपल्याच. तेव्हा पुढच्या वेळी एस. टी. त किंवा लग्नघरी काळवंडलेल्या दातांचे, लाळ गळणारे मूल दिसले, तर त्याच्या आईला उपदेश करण्यापूर्वी क्षणभर थांबावे, आणि तिला बसायला जागा करून द्यावी.